फॅटच्या रकान्यात

चार दिवस डेअरीवर दूध आलं नाही.
म्हशी होत्या, चरव्या होत्या, घाट नव्हता.
कणकुंबीच्या पुढं रस्ता तुटून
गोव्याकडं तोंड करून लोंबत होता,
आणि समुद्रातनं उठलेलं ते वादळ,
रेडिओनं ज्याला कुठल्या परक्या पोरीचं नाव दिलेलं,
आमच्या फणसांना केसाला धरून ओढत होतं.

वही मात्र कोरडी राहिलेली.
म्हणून फॅटच्या रकान्यात मी माणसं लिहायला घेतली.

वाडीत रेंज एकाच जागी. पाण्याच्या टाकीवर,
मावळतीच्या कोपऱ्यात,
तेही वारा दम खाईल तेवढंच.
शिडीला दोघं, वर मष्णू गावडा
कमरेला बैलाचं दावं बांधून,
ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलेला एकुलता फोन
खताच्या पिशवीत गुंडाळून कानाला.

तो वरनं ओरडायचा, मी खालनं लिहायची.
कल्लाप्पाचा थोरला, म्हापसा, बेकरीत. आहे.
सातेरीची जाऊ, बांबोळीच्या दवाखान्यात झाडलोट.
माड पडलाय घरावर, खरं ती आहे.
रवळूचा जावई, कळंगुट. रिंग जाते, उचलत नाही.
रवळू म्हणाला, तो कधीच उचलत नाही बघ. लिही, आहे.
मी लिहिलं नाही.
त्यानं माझ्या हातातनं पेन घेतलं.
जन्मभर अंगठा उठवलेला माणूस,
दोन अक्षरं काढली वाकडी, तेवढीच.

भरमाचं नाव मी सगळ्यात वर लिहिलेलं.
मालीम जेटी. ट्रॉलर.
कोण म्हणालं, बोटी कारवारला लागल्या.
कोण म्हणालं, देवगडला.
एकजण काही न बोलता उठून गेला,
त्याच्या पाठीकडं यल्लूबाई बराच वेळ बघत बसली.

आणि तो लाईनमन, शिवलिंगप्पा,
पार बिदरकडचा, तारा जोडायला आला नि अडकला.
मराठीतले तीन शब्द त्याला: पाणी, भाकरी, उद्या.
दुसऱ्या रात्री वही ओढून
त्यानं गोल गोल अक्षरांत काही लिहिलं, खाली नंबर.
पाटीला काळं फासून दोन रात्री आत काढलेला मष्णू,
तोच टाकीवरनं बोंबलत होता बिदरला,
‘अव्वा! तुमचा मगा आराम इद्दान! जेवलाय!’
तिकडची बाई रडली का हसली,
वाऱ्यात कळलं नाही.
शिवलिंगप्पानं शिडी आणखी घट्ट धरली.

तिसऱ्या दिवशी फोन आपणहून वाजला.
म्हापशाहून. बेकरीतला थोरला, पाठीमागं दहाबारा आवाज.
टीव्हीवर दाखवलं म्हणे घाट गेला,
घाटाबरोबर वाडी गेली.
दोन दिवस अन्न गोड लागेना त्यांना.
कोण कोण आहे सांगा, म्हणाला,
मी लिहून घेतोय, पावाच्या कागदावर.

म्हणजे आम्हीपण कुणाच्या तरी रकान्यात होतो.

मष्णू वरनं एकेक नाव घ्यायला लागला
आणि चिखलात उभं राहून आम्ही
शाळेतल्यागत हात वर करून
आहे, म्हणत होतो. आहे. आहे.
गुरवाची म्हातारी ऐकायला येत नसताना
दुसऱ्याच्या नावाला ‘आहे’ म्हणाली,
मग आपल्याही. कुणी हसलं नाही.
यल्लूबाईचं नाव आलं तेव्हा
तिनं हात वर केला, तोंड उघडलं नाही.
मष्णूनं फोनला सांगितलं, आहे.

आज डेअरी उघडली. बेळगावच्या बाजूनं टँकर येतोय.
शिवलिंगप्पा गेला. जाताना ‘उद्या’ म्हणाला,
त्याला बहुतेक दुसरं काहीतरी म्हणायचं होतं.
यल्लूबाई आली. दीड लिटर. फॅट चार पूर्णांक दोन.
चरवी पालथी करून
शेवटचा थेंब पडेस्तोवर थांबली,
मग वहीकडं बघून म्हणाली, नवं पान काढलंस?

नाही काढलं.
तिचं दूध मी जुन्याच पानावर मांडलंय, समासात.
वरच्या पहिल्या नावापुढं
जागा मोकळी आहे अजून.
रेघ मारलेली नाही.